तबेल्याचा मिथेन आणि आमच्या पत्रातली रिकामी जागा

मागच्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. ड्रोनने वरून काढलेला. तपकिरी चिखलात चौकोनी कुंपणं, आणि त्यात हजारो गुरं दाटीवाटीने उभी. फोटो अमेरिकेतला. तिकडे बीफसाठी गुरं एका जागी ठेवून दाणा चारून पोसतात, त्याला फीडलॉट म्हणतात. खाली लिहिलं होतं की या गुरांच्या गॅसमुळे पृथ्वी तापतेय. त्याच्याखाली बी विंगमधल्या एकांनी टाकलं, "आपल्या मागेही हेच चाललंय." त्यावर चौदा अंगठे.

मागे म्हणजे तबेला. जोगेश्वरी पश्चिमेला जे राहतात त्यांना वेगळं सांगायला नको. १९८९ मध्ये मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमची बिल्डिंग चार मजली होती आणि तबेला आमच्या आधीपासून होता. बाळंतपणानंतर सासूबाई तिथूनच दूध आणायच्या, म्हैस व्याली की चीक यायचा, खरवस व्हायचा. आता बिल्डिंग बावीस मजली आहे. १६८ फ्लॅट, ११० गाड्या. तबेला तेवढाच, सुमारे ८० म्हशींचा. फरक इतकाच की पूर्वी आमच्या खिडक्या म्हशींच्या पाठीच्या उंचीवर होत्या, आता पंधराव्या मजल्यावरून खाली बघितलं की पत्र्याचं छप्पर दिसतं आणि वास मात्र वर येतो.

तर वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं ठरलं. सेक्रेटरी साहेब मसुदा घेऊन घरी आले. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या. एवढी एक जागा भरून द्या." मसुद्यात होतं: "सदर तबेल्यातून दरवर्षी ____ टन मिथेन वायू वातावरणात सोडला जात असून त्यामुळे जागतिक तापमानवाढीस हातभार लागत आहे, सबब तबेला तात्काळ हटविण्यात यावा." मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मुलांना शिकवलं की निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर. इथे निष्कर्ष टाइप होऊन आला होता आणि निरीक्षणाला चार डॅशची जागा ठेवली होती. पण मी कागद ठेवून घेतला. कारण तबेल्यावर माझाही राग आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मागचा नाला आमच्या तळमजल्यावर आला होता. त्यात शेण होतं. गाद्या, पुस्तकं, सासऱ्यांचे कागद, सगळं त्या शेणाच्या पाण्यात गेलं. तो वास मी विसरलेले नाही.

पत्राआधी ग्रुपवर एक व्हिडिओही येऊन गेला होता. एका तरुण मेंबरने ऑनलाइन गॅस डिटेक्टर मागवला, तबेल्याच्या भिंतीशी धरला, आणि तो टी-टी-टी वाजला. "पाहा, मिथेन!" मी त्याला म्हटलं, बाळा, जरा इकडे ये. आमच्याच आवारातल्या ड्रेनेज चेंबरचं झाकण वॉचमनकडून उचलवलं आणि यंत्र तिथे धरायला लावलं. ते तबेल्यापेक्षा जोरात वाजलं. अशा स्वस्त सेन्सरला मिथेन ओळखायला हवेच्या दहा लाख भागांत निदान तीनशे भाग तरी लागतात, आणि इतर ज्वलनशील वाफांनाही तो फसतो. मोकळ्या हवेत मिथेन असतो दहा लाखांत जेमतेम दोन भाग. आणि मिथेनला वास नसतो! आपल्याला येतो तो वास अमोनियाचा, हायड्रोजन सल्फाइडचा, सडणाऱ्या शेणामुताचा. त्या व्हिडिओवर नंतर कोणी बोललं नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण त्यावरून ग्रुपवर पोरकट विनोद झाले. म्हशीचा मिथेन बहुतेक सगळा, जवळपास ९५ टक्के, तोंडावाटे आणि श्वासावाटे येतो. तिच्या पहिल्या पोटात, ज्याला रुमेन म्हणतात, गवत-कडबा आंबतो. तिथले सूक्ष्मजीव त्यातून हायड्रोजन सोडतात, आणि दुसरे सूक्ष्मजीव त्या हायड्रोजनचा मिथेन करतात. म्हैस रवंथ करते, ढेकर देते, आणि तो बाहेर पडतो. म्हणजे खाल्लेल्या वैरणीतली ऊर्जाच हवेत जाते. शास्त्रज्ञांना यात रस असायचं तेही एक कारण आहे.

मग हे मोजतात कसं? सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे जनावराला बंद खोलीत ठेवायचं, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजायची. दुसरी १९९४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मांडली. जनावराच्या पोटात एक छोटी नळकांडी सोडायची, तिच्यातून सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू ठरलेल्या वेगाने झिरपतो. नाकापाशी बारीक नळी, गळ्यात हवा ओढून घेणारा रिकामा डबा. डब्यात हा वायू किती आणि मिथेन किती, या प्रमाणावरून दिवसाचा मिथेन कळतो. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेत हे काम होतं. तिसरी, जनावर पेंडीचा घास खायला यंत्रात तोंड घालतं तेवढ्यात त्याचा श्वास ओढून मोजणारं यंत्र.

मी हे तबेल्यातल्या भैयाला सांगितलं. तो जौनपूरचा, इथे तीस वर्षं आहे. म्हणाला, "टीचरजी, नाक में नली लगाओगी तो भैंस दूध चढ़ा लेगी." त्याचंही बरोबर आहे.

फीडलॉटमध्ये हजारो गुरं असतात, प्रत्येकाच्या गळ्यात डबा शक्य नाही. म्हणून तिथे कुंपणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लेझरचा किरण सोडतात. वाटेत मिथेन जितका, तितका किरण शोषला जातो. सोबत वाऱ्याचा वेग आणि दिशा क्षणोक्षणी नोंदवतात, आणि वारा कुठून किती गॅस घेऊन आला याचा उलटा हिशोब संगणकावर करतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात असे प्रयोग बरेच झालेत. २०२२ साली तर कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीच्या उपग्रहाने कॅलिफोर्नियातल्या एका फीडलॉटचा मिथेन अवकाशातून टिपला.

हे सगळं सपाट माळरानावर चालतं. जोगेश्वरीत लेझर लावायचा कुठे? एका बाजूला बावीस मजले, त्यामुळे वारा गिरक्या घेतो. समोर सीएनजीच्या रिक्षा, आणि सीएनजी म्हणजे मिथेनच. जमिनीखालून पाइपचा गॅस. बाजूला नाला, खाली ड्रेनेज. पाइपच्या गॅसमध्ये सहसा थोडा इथेन असतो आणि म्हशीच्या ढेकरेत नसतो, त्यावरून दोन्ही वेगळे काढता येतात. पण गटाराचा मिथेन आणि म्हशीचा मिथेन वेगळा करणं त्याहून किचकट. तेव्हा प्रत्यक्ष मोजणी आमच्या आवाक्याबाहेरची.

उरलं कोष्टक. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीची, आयपीसीसीची, २००६ ची मार्गदर्शिका आहे. त्यात म्हशीसमोर आकडा आहे वर्षाला ५५ किलो मिथेन. ८० गुणिले ५५, म्हणजे ४,४०० किलो. टनात ४.४. सेक्रेटरी साहेबांचा चेहरा पडला. "एवढाच?" मग मी सांगितलं की शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, म्हणजे झाले १२३ टन. वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या आसपास, म्हणजे ३५२ टन. "मग तो मोठा टाका ना!"

टाकता येतो. खोटाही नाही. पण मग आपलाही मांडा, म्हटलं. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर धरा, लिटरला १४ चं अ‍ॅव्हरेज, लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. एका गाडीचे १.३ टन, ११० गाड्यांचे १४४ टन. विजेचं धरा, फ्लॅटमागे महिन्याला २५० युनिट, युनिटमागे साधारण ०.७ किलो, झाले साडेतीनशे टन. लिफ्ट आणि पाण्याचे पंप अजून धरलेच नाहीत. गाड्या आणि वीज मिळून आमचे जवळपास ५०० टन, त्यांचे सोयीप्रमाणे १२३ किंवा ३५२. आणि तबेल्यातून निदान दूध तरी निघतं. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तेव्हापासून लिफ्टमध्ये थोडी शांतता असते.

पण माझाही आकडा पक्का नव्हताच, हे मला रात्री झोपताना टोचत राहिलं. तो ५५ किलोचा आकडा ज्या म्हशीसाठी आहे ती ३०० किलोची धरलेली आहे. आमच्या मागच्या मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी पाचशेच्या वरच्या. जास्त खाणार, जास्त ढेकर देणार. त्याच मार्गदर्शिकेत असंही आहे की साधारण गाई-म्हशी खाल्लेल्या ऊर्जेपैकी साडेसहा टक्के मिथेनमध्ये घालवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक दाणा खाणारी फीडलॉटची गुरं फक्त तीन टक्के. म्हणजे ग्रुपवरच्या फोटोतली ती गुरं घासामागे आमच्या म्हशींपेक्षा कमी मिथेन सोडतात! कडबा, गवत, भुसा पचवायचा तर मिथेन जास्त होतो, मका चारला तर कमी. पण मका माणूसही खातो आणि कडबा माणूस खात नाही. हा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणखी एक गोष्ट. तबेल्यात म्हैस जन्मत नाही. व्यालेली म्हैस हरियाणातून, गुजरातेतून विकत येते, दूध देते तोवर राहते, भाकड झाली की ट्रकात चढते. कधी गावाकडे, बहुतेकदा कत्तलखान्याकडे. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल बंद आहे, तेव्हा इथे कायद्याने मिळणारं 'मोठ्याचं' मांस म्हणजे म्हशी-रेड्याचंच. म्हैस पहिल्यांदा व्यायला तीन-चार वर्षं घेते. त्या सगळ्या वर्षांचा मिथेन कुणाच्या खात्यावर? रोहतकच्या शेतकऱ्याच्या, आमच्या चहाच्या, की मांस खाणाऱ्याच्या? तबेल्यातल्या लिटरमागे मिथेन कमी दिसतो, कारण तबेला म्हशीचे फक्त दुधाचे महिने वापरतो. बाकीचे वर्षानुवर्षं दुसरीकडे जातात.

मुंबईच्या हिशोबात तर यातलं काहीच नाही. मार्च २०२२ मध्ये पालिकेने हवामान कृती आराखडा काढला. त्यात २०१९ चं शहराचं उत्सर्जन २.३४ कोटी टन दिलंय. सुमारे ७२ टक्के ऊर्जा, २० टक्के वाहतूक, उरलेला कचरा. तीन कप्पे. जनावरांचा कप्पा नाही. शहरांनी आधी याच तीन गोष्टी मोजायच्या, अशी जागतिक पद्धतच आहे, त्यामुळे पालिकेला दोष देत नाही. पण त्याच वर्षी एका डच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहातून दिल्ली, लाहोर, मुंबई आणि ब्यूनस आयर्स पाहिली, तेव्हा या शहरांचा मिथेन जागतिक याद्यांत लिहिलेल्यापेक्षा १.४ ते २.६ पट निघाला. त्यात कचराभूमींचाही वाटा. म्हणजे कोष्टकातून आलेला आकडा आणि हवेतला गॅस यांची गाठ पडेलच असं नाही.

शेवटी मी पहाटे चार वाजता तबेल्यात गेले. इतकी वर्षं शेजारी राहून धार काढताना कधी गेले नव्हते. दोन पोरं फावड्याने शेण ओढत होती, ढीग मागच्या कोपऱ्यात. बाकीचं पाइप लावून मोरीत, मोरीतून नाल्यात. भैया म्हणाला, ढीग आठवड्याला टेम्पो नेतो, नर्सरीवाले आणि वसईकडचे शेतकरी घेतात. पण पावसाळ्यात टेम्पो येत नाही. मग? त्याने पाइपकडे बोट दाखवलं.

मला तिथेच लक्षात आलं की आम्ही जनावराचं तोंड मोजत बसलो होतो आणि खरा प्रश्न शेणाच्या वाटेचा होता. शेण हवेशीर, कोरडं राहिलं तर त्यातून मिथेन फारसा होत नाही. पाण्यात बुडून, हवा न लागता कुजलं तर होतो. मार्गदर्शिकेत भारतीय म्हशीच्या शेणाचा आकडा वर्षाला ५ किलोच्या आत आहे, कारण आपल्याकडे गोवऱ्या थापतात, उकिरड्यावर टाकतात, असं धरलंय. त्याच मार्गदर्शिकेची सूत्रं घेऊन मी दुसरा हिशोब केला. सगळं शेण पाण्यात गेलं आणि मुंबईच्या उकाड्यात साचून कुजलं तर? म्हशीमागे सुमारे ६० किलो. पोटातल्या ५५ पेक्षा जास्त! ८० म्हशींचे ४०० किलो की ४,८०० किलो, हे म्हशीने ठरत नाही, फावडं आधी की पाइप आधी यावर ठरतं. नाला म्हणजे काही साचलेलं डबकं नाही, तो वाहतो, पुढे खाडीचं खारं पाणी मिथेन कमी होऊ देतं, त्यामुळे खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. पण आमच्या नाल्यात मे महिन्यात काय वाहतं ते मला खिडकीतून दिसतं. प्लास्टिक अडकून तो जागोजागी तुंबलेला असतो, आणि वर बुडबुडे येतात.

म्हणजे २००५ ला माझ्या घरात शिरलं ते आणि हवेत जातं ते, दोन्ही एकाच मोरीतून.

तबेला हलवायच्या मागणीबद्दल. १९४९ मध्ये आरे कॉलनी वसवली तीच मुळी शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी. दारा खुरोडींचं ते काम. ३२ युनिटं, १६,००० जनावरांची सोय. तेव्हा गोरेगाव म्हणजे बाहेर! मग शहर आरेच्या पलीकडे गेलं. १९७६ मध्ये शहरातल्या गुरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला, तबेले दापचरीला न्यायचं प्रकरण कोर्टापर्यंत जाऊन आलं. उद्या आमच्या मागचा तबेला खरंच पालघरला गेला तरी म्हशी ढेकर द्यायच्या थांबणार नाहीत, वर दुधाचा टँकर रोज शंभरेक किलोमीटर येईल. आमच्या खिडकीतला वास जाईल, हे मान्य. वास जावा ही मागणी मला पूर्ण योग्य वाटते. मग वास म्हणा ना, डास म्हणा, नाला म्हणा. पृथ्वीला मध्ये कशाला घेता? तिथे टॉवर येणार असल्याची कुजबुज आहे, त्यावर मी इथे जास्त बोलत नाही.

उपाय आहेत. बेंगळुरूच्या त्याच संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, टॅनिन असलेल्या वनस्पतींचं. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्था सांगते. पण तबेलेवाला ते स्वतःच्या पैशाने घेईल तर दूध वाढल्यावरच. शेणाचं त्यापेक्षा सोपं आहे. पाइपआधी फावडं, पावसाळ्यात ढिगावर शेड, आणि जागा दिली तर गोबरगॅस. ८० म्हशींचं शेण कमी नसतं. जो मिथेन उडून जातो तोच शेगडीत जाळता येतो.

मी मसुदा बदलला. रिकामी जागा खोडली. लिहिलं की तबेल्यातलं शेण नाल्यात सोडणं थांबवावं, पावसाळ्यात शेण उचलण्याची व्यवस्था करावी, नाल्यातला गाळ मेअखेर काढावा, आणि आमच्या सोसायटीचं ड्रेनेजही याच नाल्यात कुठे जोडलंय का ते तपासावं. शेवटच्या ओळीवर मीटिंगमध्ये तासभर वाद झाला. "मॅडम, आपल्याच पायावर धोंडा?" अखेर १६८ पैकी ४१ सह्या झाल्या. बाकीच्यांचं वेगळं पत्र गेलंय, त्यात रिकाम्या जागी ३५२ टन आहे, आणि 'मिथेन' हाच शब्द आहे. म्हणजे चक्क ऐंशी पट. हे मी दोनदा सांगितलं.

परवा भैया दूध मोजताना हळूच म्हणाला, "टीचरजी, वो गैसवाले कागज़ में हमारा नाम तो नहीं है ना?" मी म्हटलं, नाही. त्याने नेहमीपेक्षा थोडं वरचं दूध घातलं. मी ते परत ओतायला लावलं, उगाच कोणी काही म्हणायला नको.

आमच्या पत्राला पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. टेम्पो या आठवड्यापासून बंद झालाय. ढिगाचा फोटो मी रोज सकाळी सात वाजता खिडकीतून काढते, तारखेसकट. नाल्याच्या कडेने राहणाऱ्या, ओशिवऱ्यापासून गोरेगावपर्यंतच्या कोणी असेच फोटो काढले तर मला पाठवा. पत्राचा मसुदा हवा असेल त्यांना देते, फक्त शेवटची ओळ गाळू नका.